पाखरांचा सांगाती

पहाटेची वेळ. पूर्वेला अजून तांबडे फुटलेले नसते. तोच कोतवालाचा खणखणीत आवाज कानी येतो. पाठोपाठ दयाळ आपली गोड शीळ घालू लागतो. होला घुमतो, बुलबुल बोलतो, सातभाईंचा कलकलाट सुरू होतो. हे स्वर ऐकणारे पुष्कळ असतात; पण कोणता स्वर कोणाचा, हे जाणणारे थोडे. ही ओळख भारतीयांना करून देण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. पुढे खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा छंद होता. त्यामुळे लहानग्या सालिमच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली.

एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्या चौकस मुलाच्या ध्यानी आले. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्डसाहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले नाना पक्षी त्या मुलाला दाखविले. त्या क्षणी त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली. ज्या पाखराचा आपण जीव घेतला, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते, या जाणिवेतून एका शिकाऱ्याचा अभ्यासक झाला.

परंतु ही वाट सोपी नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्यांना कौटुंबिक व्यवसायासाठी ब्रह्मदेशात जावे लागले. तेथेही त्यांचे लक्ष हिशेबापेक्षा भोवतालच्या रानातील पाखरांकडे अधिक असे. मुंबईस परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, लोकांना प्राणिसृष्टीची माहिती सांगण्याचे काम त्यांना लाभले. पुढे रजा घेऊन ते जर्मनीत गेले आणि बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेसमन यांच्यापाशी पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली ते मायदेशी परतले, तो म्युझियममधील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली!

विद्या होती, पण नोकरी नव्हती. अशा वेळी दुसरा एखादा निराश झाला असता. सालिम अली आपली पत्नी तेहमिना हिच्यासह अलिबागेजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. पावसाळ्याचे दिवस होते. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांना आढळली. आडोशाला निमूटपणे बसून ते त्या पाखरांचे निरीक्षण करू लागले. घरटी विणताना नर सारखे चिवचिवतात; मादी वसाहतीत येताच पंख फडफडवीत सारे एकदम गलका करतात. मादी अर्धवट विणलेली घरटी पारखून त्यांतील एक पसंत करते. मग नर ते पुरे करतो. ती अंडी उबवू लागली, की तो दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. सुगरण हे नाव बाईमाणसाचे. पण विणकर मात्र नर! रिकामपणाच्या त्या दिवसांत केलेल्या या अभ्यासामुळे सालिम अलींचे नाव शास्त्रज्ञांत झाले.

त्यानंतर त्यांनी निरनिराळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. १९३१ साली हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. नेवाशाजवळ गोदावरी ओलांडली, की त्या काळी या संस्थानाची हद्द लागे. मराठवाडा त्यातच मोडत असे. तंबू ठोकावा, रान पायी तुडवावे आणि पाहिलेले, ऐकलेले तत्काळ टिपून ठेवावे, असा त्यांचा क्रम असे. तेहमिनाबाईंनी या कष्टांत त्यांना मनापासून साथ दिली. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या निवर्तल्या. हा आघात मोठा होता. तरी सालिम अलींनी हाती घेतलेले काम खाली ठेवले नाही.

दाट पानांत पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतो. म्हणून पक्षिनिरीक्षकाला डोळ्यांइतकाच कानही तयार करावा लागतो. पहाटे वारा पडलेला असतो, इतर गलबला नसतो. त्यामुळे स्वर दूरवर पोहोचतो. ही जागा माझी आहे, असे इतर नरांना बजावण्यासाठी आणि मादीला बोलाविण्यासाठी नर गातो. आपल्या शेतकऱ्यांनी पावशाच्या हाकेत ‘पेरते व्हा’ हे शब्द ऐकले; सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराला इंग्रजांनी शीळ घालणारा शाळकरी पोर म्हटले. १९४१ साली सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पक्ष्याच्या रंगरूपाबरोबर त्याच्या सवयी व आवाज यांचेही वर्णन आहे. या पुस्तकामुळे सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. त्याचे खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाले.

पदवीवाचून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांच्याकडे मानसन्मान चालत आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी मुंबईत देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस ज्यात येतो, तो ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे न लावण्याच्या परंपरेमुळे सर्वदूर प्रसिद्ध आहे. पाखरांच्या गाण्याला तर कोणत्याच गावी दार नसते. ते ऐकण्यास पदवी लागत नाही की पैसा लागत नाही. पहाटे उठावे, स्तब्ध उभे राहावे, एकच स्वर निवडून तो कोठून येतो हे शोधावे आणि गाणारा दिसला, की वहीत त्याची नोंद करावी. माणसांनी एकामागून एक दारे लावून घेतली, तेव्हा सालिम अलींनी हेच केले. आणि पाखरांनी त्यांना कधी परतविले नाही.