रंग ओळखला जागेवरून

विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ ज्यांची आठवण देतात, ते साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकयर. जन्म १८३६, इंग्लंडमधील रग्बी. युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात ते सूर्याचा अभ्यास करीत. ऑक्टोबर १८६८ मध्ये लंडनमध्ये त्यांना सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. तिची जागा सोडियमच्या रेषांशी जुळेना. हे नवे मूलद्रव्य असावे, असे त्यांनी मानले; तेच हेलियम. अनेकांनी शंका घेतली, पण १८९५ मध्ये रॅम्झी यांना ते पृथ्वीवरही सापडले.

हा शोध विजयदुर्गला लागला, असे आपल्याकडे सांगितले जाते. प्रत्यक्षात लॉकयर येथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्यांच्या लोलक लावलेल्या कॅमेऱ्यातील काचा कृष्णधवल होत्या. कोणता रंग, हे प्रतिमा काचेवर कुठे उमटली त्यावरून कळे.

आज कारखान्यातील बहुतेक रंगीत कॅमेरेही तसेच चालतात. प्रत्येक पिक्सेल प्रकाशाचा एकच आकडा पाठवतो. ८ बिटमध्ये ० ते २५५. तो लाल, हिरवा की निळा, हे संगणक पिक्सेलच्या जागेवरून ठरवतो. जागांचा क्रम चुकला, तर सगळे रंग चुकतात.

‘नेचर’ नियतकालिक स्थापून पन्नास वर्षे चालवणारे लॉकयर १९२० मध्ये निवर्तले.