जॉन ड्युई

जॉन ड्युई (२० ऑक्टोबर १८५९ – १ जून १९५२) हे अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होते. चार्ल्स पर्स व विल्यम जेम्स यांच्यासह फलप्रामाण्यवादाच्या प्रमुख प्रवर्तकांत त्यांची गणना होते. शिक्षणविषयक प्रयोगांमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. सामान्य जनता राज्यकारभारास अपात्र असते, या अभिजनवर्गातील मताचा प्रतिवाद त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते.

प्रारंभिक जीवन

ड्युई यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. १८७९ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी येथे शाळेत अध्यापन केले. १८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते मिशिगन विद्यापीठात रुजू झाले. १८८६ मध्ये ॲलिस चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मेन यांच्या मताचा प्रतिवाद

ब्रिटिश विधिज्ञ सर हेन्री मेन यांनी ‘पॉप्युलर गव्हर्नमेंट’ (१८८५) या ग्रंथात लोकशाहीवर टीका केली होती. मेन हे १८६० च्या दशकात भारताच्या गव्हर्नर-जनरलच्या कार्यकारी मंडळाचे विधी सदस्य होते. लोकशाही हा शासनाचा केवळ एक प्रकार असून तो अस्थिर व प्रगतीस प्रतिकूल आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८८८ मध्ये ‘द एथिक्स ऑफ डेमॉक्रसी’ या निबंधातून ड्युई यांनी त्यास उत्तर दिले. समाज म्हणजे सुट्या व्यक्तींची बेरीज नव्हे, त्यामुळे लोकशाही केवळ मोजदादीपुरती उरत नाही, असे त्यांनी मांडले. शहाण्या मोजक्यांनी इतरांचे हित परस्पर ठरवले, तर ते इतर स्वतःच्या विकासातील सहभागालाच मुकतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

शिकागो

१८९४ मध्ये ड्युई शिकागो विद्यापीठात आले. त्याच वर्षी पुलमन संपामुळे तेथील कामगार व भांडवलदार यांच्यातील संघर्ष तीव्र झाला होता. जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सेवाकेंद्राशी त्यांचा निकट संबंध होता. स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या वस्तीतील या केंद्राच्या कार्याचा त्यांच्या लोकशाहीविषयक विचारांवर प्रभाव पडला. १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांसारख्या सामूहिक कामांतून तेथे विषय शिकवले जात. शाळेच्या व्यवस्थापनावरून मतभेद झाल्याने १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात गेले. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथात त्यांनी लोकशाहीचे वर्णन शासनपद्धतीपलीकडील सहजीवनाची रीत असे केले.

लिपमन यांच्याशी मतभेद

पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्राच्या अनुभवानंतर जनमताविषयी साशंकता वाढली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मतकर व साक्षरता परीक्षांद्वारे कृष्णवर्णीयांना मताधिकारापासून दूर ठेवले जात होते. उत्तरेतही मतदारांच्या पात्रतेची चर्चा होत असे. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी ‘पब्लिक ओपिनियन’ (१९२२) व ‘द फँटम पब्लिक’ (१९२५) या ग्रंथांत नागरिकांच्या मर्यादांचे सविस्तर विश्लेषण केले. दूरच्या घटना नागरिकांना ठरीव प्रतिमांमधूनच कळतात, सर्व सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करण्यास त्यांना वेळ नसतो. म्हणून कारभार जाणकारांकडे असावा आणि जनतेने प्रसंगी पाठिंबा वा विरोध एवढेच करावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ड्युई यांनी दोन्ही ग्रंथांची परीक्षणे लिहिली. लिपमन यांचे निदान त्यांनी बऱ्याच अंशी स्वीकारले, उपाय मात्र नाकारला. १९२६ मध्ये केनियन महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानांवर आधारित ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ (१९२७) या ग्रंथात त्यांची भूमिका विस्ताराने आली आहे. जोडा दुरुस्त करण्याचे ज्ञान चांभाराकडे असले, तरी तो कोठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळते, असा दाखला त्यांनी दिला. जनतेपासून तुटलेला तज्ज्ञवर्ग तिच्या गरजांच्या माहितीला मुकतो आणि कालांतराने स्वतःचे हितसंबंध जपू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. मतमोजणीपेक्षा तिच्या आधीची चर्चा त्यांना अधिक महत्त्वाची वाटे. नागरिकांचे अज्ञान जन्मजात नसून शिक्षण, वृत्तपत्रे व माहितीच्या अभावाशी निगडित आहे. त्यामुळे अधिकार काढून घेण्याऐवजी ही परिस्थिती सुधारावी, असे त्यांनी सुचवले.

टीका

१९१७ मध्ये अमेरिकेच्या युद्धप्रवेशाला ड्युई यांनी पाठिंबा दिला. त्यांचे माजी विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न यांनी त्यावर कठोर टीका केली. सुबुद्ध लोक युद्धाला लोकशाहीच्या हेतूंकडे वळवू शकतील ही अपेक्षा फोल ठरली. पुढे ड्युई यांनी युद्ध बेकायदा ठरवण्याच्या चळवळीस साथ दिली. मोठ्या औद्योगिक राष्ट्रात समोरासमोरची चर्चा कोणत्या संस्थांद्वारे घडावी, याचा स्पष्ट आराखडा त्यांनी दिला नाही, असाही आक्षेप घेतला जातो. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. तथापि वंशभेदावर त्यांचे लेखन अल्प आहे.

उत्तरायुष्य

१९३७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, मॉस्को खटल्यांत लिऑन ट्रॉट्स्की यांच्यावर ठेवलेल्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी मेक्सिकोत भूषवले. आयोगाने ट्रॉट्स्की यांना निर्दोष ठरवले. युरोपात हुकूमशाही प्रबळ असताना, १९३९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी लोकशाही आपोआप टिकत नाही, प्रत्येक पिढीला ती दैनंदिन वर्तनातून नव्याने घडवावी लागते, असे प्रतिपादन केले.

आंबेडकरांवरील प्रभाव

आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये त्यांनी ड्युई यांचे ऋण नमूद केले आहे. लोकशाही हे प्रथमतः सहजीवन होय, हा विचार त्यांनी जातिव्यवस्थेच्या चिकित्सेसाठी वापरला. जातींच्या भिंतींमुळे परस्पर अनुभवांची देवाणघेवाण थांबते, म्हणून सामाजिक लोकशाहीविना राजकीय लोकशाही टिकणार नाही, अशी त्यांची मांडणी होती.

निधन

१ जून १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ९२ व्या वर्षी ड्युई यांचे निधन झाले. त्यानंतर चार दिवसांनी, ५ जून रोजी, कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. प्रौढ मताधिकारावर आधारलेली भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी पूर्ण झाली होती.