सलामी घेणारे सरसेनापती

२६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात राष्ट्रपती सलामी घेतात, कारण तेच तिन्ही सेनादलांचे सरसेनापती असतात. पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय त्यांना एक तुकडीही हलवता येत नाही. हे अवघड पद सर्वांत आधी सांभाळले डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी.

३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारमधील जिरादेई गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा बिहारची मुलेही कलकत्ता विद्यापीठाचीच परीक्षा देत. १९०२ मध्ये प्रवेश परीक्षेत ते सगळ्यांत पहिले आले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. राहायला ईडन हिंदू हॉस्टेल. पायजमा-टोपी घालून ते वर्गात गेले, तर बाकीची मुले बोडकी! हॉस्टेलचे पहिले दिवस कसे जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक असूनही त्यांनी पुढे विज्ञान सोडले, अर्थशास्त्रात एम.ए. केले आणि मग कायदा शिकले.

कोलकात्यातच १९१० मध्ये त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. आपल्या भारत सेवक समाजात यावे, असे गोखल्यांनी सुचवले. राजेंद्रबाबूंची फार इच्छा होती. तोंडाने बोलवेना, म्हणून त्यांनी थोरले भाऊ महेंद्रप्रसाद यांना पत्र लिहून परवानगी मागितली. घरच्यांना ते सोसवेना, तेव्हा त्यांनी विचार सोडला आणि वकिली सुरू केली. मनातले स्पष्ट सांगायचे आणि मग निर्णय मानायचा, हा त्यांचा स्वभाव मला इथेच दिसतो.

१९१७ मध्ये चंपारणला ते गांधीजींबरोबर गेले आणि पुढे वकिलीही सुटली. अनेकदा तुरुंगवास झाला. २६ जानेवारी १९५० रोजी ते राष्ट्रपती झाले. हिंदू कायद्यातील सुधारणा त्यांना पटत नव्हत्या. १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना तसे लिहून कळवले. (माझे मत नेहरूंच्या बाजूने आहे.) पण निवडणुकीनंतरच्या संसदेने १९५५-५६ मध्ये ते कायदे मंजूर केले, तेव्हा त्यांनी सही केली.

त्यांची मोठी बहीण भगवतीदेवी लवकर विधवा झाली आणि भावाच्याच घरी राहिली. २५ जानेवारी १९६० च्या रात्री ती वारली. दुसऱ्या दिवशी संचलन होते. प्रमुख पाहुणे होते सोव्हिएत संघाचे राष्ट्रप्रमुख मार्शल व्होरोशिलोव्ह. त्यांचेही पद नावापुरतेच मोठे होते, खरी सत्ता ख्रुश्चेव्ह यांच्याकडे होती. संचलनासाठी दुसऱ्या कोणाला पाठवले असते, तर राजेंद्रबाबूंना कोणी दोष दिला नसता. वय ७५, दम्याचा जुना त्रास. तरी ते गेले आणि शेवटपर्यंत सलामी घेतली. परतल्यावरच बहिणीच्या अंत्यसंस्काराची तयारी केली.

मे १९६२ मध्ये निवृत्त होऊन ते राष्ट्रपती भवनातून पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहायला गेले. तिथेच २८ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.