यूजीन द्यूब्वा

मारी यूजीन फ्रांस्वा तोमा द्यूब्वा (जन्म: २८ जानेवारी, इ.स. १८५८, आइस्डेन, नेदरलँड्स. मृत्यू: १६ डिसेंबर, इ.स. १९४०, हालेन, नेदरलँड्स) हे डच शरीररचनाशास्त्रज्ञ व पुराजीवशास्त्रज्ञ होते. जावा बेटावरील त्रिनिल येथे इ.स. १८९१-९२ मध्ये मिळालेल्या जीवाश्मांवरून त्यांनी एका प्राचीन, ताठ चालणाऱ्या मानवसदृश प्राण्याचे वर्णन केले. 'जावा मानव' या नावाने प्रसिद्ध असलेला हा प्राणी आज होमो इरेक्टस या जातीत गणला जातो. कपी आणि मानव यांच्यामधला दुवा शोधण्याचा निश्चय करून त्यासाठी घरदार सोडणारे आणि तसे अवशेष खरोखर मिळविणारे ते पहिले संशोधक मानले जातात.

पूर्वायुष्य

द्यूब्वा यांचा जन्म नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील लिम्बर्ख प्रांतात झाला. वडील औषधविक्रेते होते. शालेय शिक्षण रूरमोंड येथे झाल्यावर इ.स. १८७७ मध्ये त्यांनी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला व इ.स. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर माक्स फ्यूरब्रिंगर या नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञाचे सहायक म्हणून काम करताना त्यांनी सस्तन प्राण्यांच्या स्वरयंत्राचा तौलनिक अभ्यास केला. या संशोधनाच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत कटुता आली. पुढील आयुष्यात सहकाऱ्यांविषयी द्यूब्वा यांच्या मनात जो संशय कायम राहिला, त्याचे बीज बहुधा येथेच पडले असावे.

त्या काळी जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी कपी आणि मानव यांच्यामध्ये एक वाचाहीन प्राणी होऊन गेला असला पाहिजे, असे मांडले होते. एकही हाड हाती नसताना त्यांनी त्याला 'पिथेकँथ्रोपस', म्हणजे कपिमानव, असे नावही देऊन टाकले होते. हा प्राणी प्रत्यक्ष शोधावयाचा असे द्यूब्वा यांनी ठरविले. इ.स. १८८७ मध्ये विद्यापीठातील स्थिर नोकरीचा राजीनामा देऊन ते डच ईस्ट इंडीजच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून भरती झाले आणि पत्नी व तान्ह्या मुलीसह सुमात्रा बेटावर पोहोचले.

हेच ठिकाण निवडण्यामागे त्यांची काही कारणे होती. मोठे कपी उष्ण कटिबंधात राहतात, तेव्हा मानवाचे पूर्वजही तेथेच असावेत, हे एक. दुसरे कारण भारताशी निगडित आहे. पंजाबातील शिवालिक थरांत कपीच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला होता व रिचर्ड लिडेकर यांनी इ.स. १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्या काळी काही जण त्याला चिंपँझीचा नातलग समजत आणि चिंपँझीसाठी वापरात असलेले 'अँथ्रोपोपिथेकस' हे नाव त्यालाही देत. (आज हा जबडा शिवापिथेकसचा मानला जातो व त्याचे नाते ओरँगउटानशी जोडले जाते.) शिवालिकमधील व जाव्यातील प्राचीन प्राण्यांत साम्य आहे, तेव्हा असा कपी ईस्ट इंडीजमध्येही सापडावा, असा द्यूब्वा यांचा तर्क होता.

त्रिनिल

सुमात्रातील गुहांत बरेच जीवाश्म मिळाले. परंतु ते फारसे जुने नव्हते. दरम्यान जाव्यातील वाजाक येथे एक मानवी कवटी सापडली व ती द्यूब्वा यांच्याकडे आली. हिवतापाने खंगलेल्या द्यूब्वा यांनी इ.स. १८९० मध्ये आपली बदली जाव्यात करून घेतली. सरकारने त्यांना खोदकामासाठी कैदी मजूर आणि देखरेखीसाठी क्रीले व द विंटर हे दोन लष्करी कर्मचारी दिले होते. सोलो नदीच्या काठी त्रिनिल या खेड्याजवळ सप्टेंबर १८९१ मध्ये एक दाढ मिळाली, तर ऑक्टोबरमध्ये कवटीचा वरचा भाग हाती आला. तो सखल, लांबट होता व भुवयांच्या जागी हाडाचा जाड कंगोरा होता. पुढील वर्षी, ऑगस्ट १८९२ मध्ये, त्याच थरातून पण १० ते १५ मीटर अंतरावरून डाव्या मांडीचे एक संपूर्ण हाड निघाले.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. हे अवशेष जमिनीतून निघाले तेव्हा द्यूब्वा तेथे हजर नव्हते. ते दूर तुलुंगआगुंग येथे राहत आणि नदीकाठचे जीवाश्म बांधून त्यांच्याकडे पाठविले जात. त्यामुळे कोणते हाड नेमके कोठे व कशाशेजारी होते, याची माहिती त्यांना दुसऱ्यांच्या कळविण्यावरूनच मिळाली. ज्या मजुरांच्या कुदळीने ही हाडे वर आली त्यांची नावे या शोधाच्या इतिहासात आढळत नाहीत.

नामकरण

हाती एक दाढ, एक कवटीचा तुकडा आणि एक मांडीचे हाड. एवढ्यावरून जात ठरवावयाची होती. कवटी पाहून द्यूब्वा यांना प्रथम तो चिंपँझीच्या वर्गातील कपी वाटला व त्यांनी त्याला अँथ्रोपोपिथेकस या प्रजातीत ठेवले. मांडीचे हाड मात्र थेट माणसासारखे होते. दोन्ही हाडे एकाच प्राण्याची आहेत असे धरून त्यांनी इ.स. १८९२ मध्ये त्याला 'अँथ्रोपोपिथेकस इरेक्टस', म्हणजे ताठ चालणारा मानवी कपी, असे नाव दिले. त्यानंतर कवटीची धारणक्षमता त्यांनी पुन्हा मोजली. आधी सुमारे ७०० घन सेंटीमीटर वाटलेली क्षमता आता ९०० च्या पुढे गेली. चिंपँझीची सुमारे ४०० व आधुनिक मानवाची सुमारे १३५० असते. एवढा मेंदू कपीचा असणे शक्य नव्हते. द्यूब्वा यांनी प्रजातीचे नाव बदलून हेकेल यांचे 'पिथेकँथ्रोपस' स्वीकारले. ग्रीक भाषेतील तेच दोन शब्द, फक्त क्रम उलटा: मानवी कपी होता तो कपिमानव झाला. 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस' या प्राण्यावरील त्यांचा जर्मन भाषेतील प्रबंध इ.स. १८९४ मध्ये बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे प्रसिद्ध झाला.

इ.स. १८९५ च्या आरंभी ते भारतात आले आणि शिवालिक जीवाश्मांशी आपल्या संग्रहाची तुलना करून पाहिली. त्याच वर्षी ते युरोपला परतले.

युरोपातील वाद

सप्टेंबर १८९५ मध्ये लायडन येथील आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत त्यांनी मूळ जीवाश्म सर्वांसमोर ठेवले. जर्मनीचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांच्या मते ती कवटी एका प्रचंड गिबनची होती. जर्मन अभ्यासकांपैकी अनेकांनी तिला कपीची, तर ब्रिटिशांपैकी अनेकांनी आदिम मानवाची म्हटले. फ्रान्सचे मानुव्रिए व अमेरिकेचे मार्श यांनी द्यूब्वा यांची बाजू घेतली. तीन हाडे खरोखर एकाच प्राण्याची का, ही शंका तर जवळजवळ सर्वांनीच काढली. तज्ज्ञांमध्ये इतका मतभेद व्हावा, हेच तो प्राणी मधल्या अवस्थेतील असल्याचे लक्षण, असा युक्तिवादही झाला. तो चतुर असला तरी निर्णायक नव्हता.

द्यूब्वा यांना मान मिळाला नाही असे नाही. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने इ.स. १८९७ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली व इ.स. १८९९ मध्ये प्राध्यापकपद दिले. हार्लेम येथील टायलर संग्रहालयाचेही काम त्यांच्याकडे होते. इ.स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या कपिमानवाचा पूर्णाकृती पुतळा तयार केला. परंतु त्यानंतर त्यांनी जीवाश्म कपाटात बंद केले आणि दोन दशकांहून अधिक काळ ते कोणालाही पाहू दिले नाहीत. दबाव वाढल्यावर इ.स. १९२३ मध्ये ते पुन्हा अभ्यासकांसाठी खुले झाले. वाजाकच्या कवट्यांची सविस्तर माहितीही त्यांनी इ.स. १९२० पर्यंत प्रसिद्ध केली नव्हती. विज्ञानाच्या दृष्टीने हे त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल, कारण जातीविषयीचा दावा इतरांना तपासता आला तरच त्याला अर्थ असतो.

मेंदूचा सिद्धान्त व एक गैरसमज

या मधल्या काळात त्यांनी मेंदूचे वजन व शरीराचे वजन यांच्या नात्याचा अभ्यास केला. या विषयाला गणिती रूप देणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. मेंदूची वाढ हळूहळू न होता टप्प्याटप्प्याने दुपटीने होते, असे त्यांचे मत बनले. शरीराच्या मानाने मानवाचा मेंदू एक धरला तर मोठ्या कपींचा पाव भरत होता; अर्ध्याची जागा रिकामी होती. ती जागा पिथेकँथ्रोपसची, असे त्यांनी मानले. मात्र त्याचा मेंदू मानवाच्या अर्ध्याहून बराच मोठा होता. हिशेब जुळण्यासाठी त्याचे शरीर १०० किलोग्रॅमहून जड असणे भाग होते आणि गिबनसारखी शरीराची ठेवण धरल्यास ते वजन येत होते. म्हणून इ.स. १९३० नंतरच्या लेखनात ते गिबनशी असलेल्या साम्यावर भर देऊ लागले. त्यावरून द्यूब्वा यांनी शेवटी आपला शोध एक मोठा गिबन ठरवून मागे घेतला, अशी समजूत पसरली व पाठ्यपुस्तकांतही शिरली. ती चुकीची आहे. तो मधला दुवा आहे हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

दरम्यान चीनमध्ये पेकिंगजवळ 'सिनँथ्रोपस' मिळाला होता, तर जाव्यातच फोन क्योनिग्स्वाल्ड यांना सांगिरान येथे इ.स. १९३७ मध्ये अधिक पूर्ण कवटी सापडली. फ्रान्झ वायडेनराइख व फोन क्योनिग्स्वाल्ड यांनी इ.स. १९३९ मध्ये दोन्ही ठिकाणचे अवशेष शेजारी ठेवून त्यांचे जवळचे नाते दाखविले. द्यूब्वा यांना ते मान्य झाले नाही. पेकिंगचा प्राणी त्यांच्या दृष्टीने मानव होता आणि त्यांचा पिथेकँथ्रोपस एकमेव होता. या वादातच त्यांचे निधन झाले.

जातीचे पुढील भवितव्य

इ.स. १९५० मध्ये एर्न्स्ट मायर यांनी मानवी जीवाश्मांच्या नावांची गर्दी कमी करण्याचा आग्रह धरला. मायर यांच्या व्याख्येनुसार आपापसांत प्रजनन करू शकणाऱ्या समूहांची एक जाती होते. ही कसोटी हाडांना लावता येत नाही. परंतु आजच्या एकाच जातीत व्यक्तीव्यक्तींत किती फरक असतो हे पाहून जीवाश्मांतील फरक त्याहून मोठा आहे का, हे तपासता येते. जावा व पेकिंग येथील अवशेषांतील फरक तेवढा मोठा नव्हता. त्यांना होमो प्रजातीत घेऊन 'होमो इरेक्टस' हे नाव रूढ झाले. पिथेकँथ्रोपस गेला, इरेक्टस राहिला. म्हणूनच या जातीच्या नावापुढे द्यूब्वा यांचे नाव कंसात लिहितात. प्रजाती बदलल्याची ती खूण असते.

यातला विरोधाभास असा, की 'इरेक्टस' हे नाव ज्या मांडीच्या हाडामुळे पडले, ते हाड नंतरच्या काळातील आधुनिक मानवाचे असावे असे आज अनेक अभ्यासक मानतात. दाढांविषयीही एकमत नाही. तरीही नाव टिकले, कारण नामकरणाच्या नियमांनुसार जातीचे नाव प्रमाण नमुन्याशी बांधलेले असते आणि येथे प्रमाण नमुना कवटी आहे. नावाचा शब्दार्थ चुकला म्हणून ते रद्द होत नाही. ही जात ताठ चालत होती, हे पुढे आफ्रिकेत मिळालेल्या सांगाड्यांवरून स्वतंत्रपणे सिद्ध झाले.

द्यूब्वा यांचा संग्रह लायडन येथे ठेवण्यात आला. त्यातील एका शिंपल्यावर कोरलेली नागमोडी रेघ इ.स. २०१४ मध्ये प्रकाशात आली. ती सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे मानतात. वसाहतकाळात नेलेला हा २८,०००हून अधिक जीवाश्मांचा संग्रह परत मिळावा अशी मागणी इंडोनेशियाने केली होती. इ.स. २०२५ मध्ये नेदरलँड्स सरकारने तो परत देण्याचा निर्णय जाहीर केला.