बळी बाळूंचे, कर्णधारपद दुसऱ्याचे

पालवणकर बाळूंवर लेख, आणि तोही या पानावर? असा प्रश्न काही वाचक नक्कीच विचारतील. ज्या माणसाने १९३७ साली मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर परमपूज्य बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवली, त्याची आठवण चळवळीच्या दैनिकाने का काढावी? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देणार नाही, पण तो शेवटी घेऊ. आधी बाळूंच्या नोकरीबद्दल बोलू. बाळू थोर गोलंदाज होते हे क्रिकेटची पुस्तके सांगतात. ते मुळात चार रुपये पगारावरचे कामगार होते, हे मात्र ओझरते सांगून पुढे जातात. आज खाजगी कंपन्यांत राबणाऱ्या आपल्या मुलामुलींना जे सोसावे लागते, ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सोसले होते. फरक फक्त साहेबाच्या पोशाखाचा!

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या आश्रयाने पुण्यात होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. आधी एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर काम मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय? खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, झाडलोट करायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, सरावाची जाळी उभारायची, आणि साहेब लोकांना सराव हवा म्हणून तासन् तास चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज रोज सर्वांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. पण शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या त्या पोराच्या हातात त्या क्लबात कुणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची आणि चेंडू टाकणे ही नोकराची, अशी ती वाटणी. गोऱ्या साहेबाला जात कळत नव्हती असे म्हणणाऱ्यांनी ही वाटणी जरा नीट पाहावी.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला बाळूंची गरज पडली. गोऱ्यांना हरवायचे तर असा गोलंदाज हवा होता. संघात घ्यायचे की नाही यावर ब्राह्मण खेळाडूंत वाद झाला आणि शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत होते. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू झेलताना कुणाला विटाळ झाला नाही. चहाची सुट्टी झाली की मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात. जेवणाला वेगळे ताट, वेगळी जागा. तोंड धुवायचे तर पाणी ओतायला दलितच नोकर. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला बाळूंनी लोळवले तेव्हा पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातला, टिळकांनीही दुसऱ्या एका सभेत कौतुक केले. ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर चहा प्यायला काय हरकत आहे, असे रानड्यांनी क्लबच्या लोकांना आधी सुनावलेही होते. हार गळ्यात पडत होते आणि बोळके हातात होते.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी केली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने हरून परत आला, पण पस्तिशीच्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे एकूण बळी १७९, तेही सरासरी सोळाहून कमी धावांत. ज्यांना गुणवत्ता, गुणवत्ता असा जप करायची सवय आहे, त्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

या गुणवत्तेला बढती काय मिळाली? १९१० नंतर जवळजवळ दरवर्षी बाळूंना हिंदू संघाचे कर्णधार करा अशी मागणी होत राहिली आणि दरवर्षी निवड समितीने दुसऱ्या कुणाला तरी नेमले. वय, शिक्षण, प्रकृती, संघातले वातावरण, कारणे दर वर्षी नवी असत. जात हे कारण कागदावर कधीच आले नाही. हीच तर या खेळीतली हुशारी आहे! विटाळाचा कप डोळ्यांना दिसतो. नाकारलेली बढती दिसत नाही. तिच्यावर नेहमी कुठल्या तरी सभ्य कारणाचा शिक्का असतो.

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग, जो सहसा दोन ओळींत उरकला जातो. १९२० साल. चौरंगी सामने होते. थकलेल्या बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार नेमले म. द. पै यांना. ते आजारी पडले, तेव्हा पहिल्या सामन्यासाठी नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठे खेळाडू होते, त्यात वाद नाही. पण बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते, अनुभवी होते आणि संघाचे आघाडीचे फलंदाज होते. या वेळी विठ्ठल आणि शिवराम गप्प बसले नाहीत. आमचा हक्क जातीमुळे डावलला गेला, असे जाहीर निवेदन देऊन दोघेही संघातून बाहेर पडले. इतकी वर्षे मनात असलेली गोष्ट पहिल्यांदा लेखी झाली, वर्तमानपत्रांत गेली, समितीला तिचे उत्तर द्यावे लागले. लोकमत ढवळून निघाले. अंतिम सामन्यासाठी दोघा भावांना परत घेतले आणि वगळलेल्या बाळूंना उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघाने गोऱ्यांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढे आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

हिशेब मांडा. जवळजवळ दहा वर्षे बाळूंनी बळी घेऊन जे झाले नाही, ते दोन माणसांच्या एका लेखी नकाराने काही दिवसांत हलले. अर्थात भाऊ खेळायला नको म्हणाले तर संघ हरेल ही भीती समितीला होती, म्हणून नकाराला किंमत आली. म्हणजे गुणवत्ता वाया गेली नाही. पण ती एकटी पुरली नाही.

बाबासाहेबांना तरी कुठे पुरली? कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला विद्वान १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत बसला, तर शिपाई लांबून फायली टेबलावर फेकत आणि प्यायला पाणी मिळत नसे. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि पगार तर त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक टाकला, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी दाखवून दिले की आपला माणूस गँगमनचा गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करायची असतात. बढती कशी अडते, याचे इतके नेमके विश्लेषण आजच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तरी आहे काय?

आजच्या कंपनीत या. टाटा-बिर्लांची नव्हे. औद्योगिक वसाहतीतली दीडशे-दोनशे माणसांची मधली कंपनी घ्या. छोट्या वर्कशॉपात मालक समोर असतो, भांडता येते. मोठ्या कंपनीत निदान कागदावर धोरण असते. मधल्या कंपनीत बहुधा दोन्ही नसते. मालक वरच्या मजल्यावर, एच.आर. बघायला त्याचाच भाचा, सुपरवायझर त्याच्याच गावचा. नवीन मुलाला पहिल्या दिवशी आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव, आणि गावात कुठे राहता ते. मग डबा खाताना खुर्च्या हळूच सरकतात. १४ एप्रिलला सुट्टी मागितली की टोमणा. मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की आरक्षणावरचे विनोद, कंपनीच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. रात्रपाळी त्यालाच, नाली तुंबली तर तोच, आणि पगारवाढीच्या वेळी स्वभाव जुळत नाही असा शेरा. तक्रार करायची कुणाकडे? ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच काकाकडे!

कायदा आहे, पण त्यात फटी आहेत. घटनेचे १५ आणि १६ वे कलम प्रामुख्याने शासनाला बांधते. १७ वे कलम मात्र मालकालाही बांधते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने नोकरीतली अस्पृश्यताही गुन्हा ठरली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नोकरी-धंद्यातला अडथळा आला. पण जातिवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध व्हायला तो लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कुणी हजर नसताना घडलेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या महसूल कार्यालयातल्या एका खोलीत झालेल्या शिवीगाळीचा खटला याच कारणाने रद्द झाला. म्हणजे साहेबाने केबिनचे दार लावून घेतले की काम सोपे! शिवाय फौजदारी कायदा घडून गेल्यावर येतो. ते घडूच नये म्हणून कंपनीत काय आहे?

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची, अध्यक्षस्थानी महिला, बाहेरचा एक सदस्य, चौकशीला मुदत. जातीच्या छळासाठी खाजगी कंपनीत अशी समिती सक्तीची करणारा कायदा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आहे. तीत महिलांचे प्रतिनिधित्व सांगितले आहे, अनुसूचित जाती-जमातींचे नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी आणि आमदार-खासदारांनी का लावून धरू नये? समितीत आपला माणूस हवा आणि बाहेरचा एक हवा. बढती कुणाला व का दिली, हे लेखी हवे. नाकारलेल्याला ते कारण मागता यायला हवे आणि मागितले म्हणून त्याची बदली होता कामा नये. हिंदू संघाच्या निवड समितीला आपली कारणे दरवर्षी लिहून सही करावी लागली असती, तर बाळूंना दहा वर्षे थांबवणे इतके सोपे गेले नसते.

मधल्या काळात नोकरीवरच्या बांधवांनी एक सवय लावून घ्यावी. तारीख, वेळ, कोण हजर होते आणि काय घडले, हे त्याच रात्री वहीत लिहावे. ग्रुपवरचा मजकूर पुसला जाण्याआधी जपून ठेवावा. तक्रार तोंडी करू नये, पोच घ्यावी. आणि शक्य तिथे दोघांनी मिळून करावी. १९२० सालीही निवेदन दोघांचे होते.

आता तो राहिलेला प्रश्न. बाळू १९३२ साली पुणे कराराच्या वेळी गांधीजींच्या बाजूने उभे होते, करारावर त्यांची सही आहे. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. १९३७ साली वल्लभभाई पटेलांच्या काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांपुढे उभे केले, हे उघड आहे. ज्या समाजाने त्यांना एक संघ चालवू दिला नाही, त्याच समाजाच्या पक्षाला आता त्यांचे नाव हवे होते. बाळूंना ते कळले नाही, की कळूनही चालले, यावर मतभेद होतील. माझ्या मते ते चुकले. ज्या सभ्य हिंदूंनी त्यांच्या बळींवर टाळ्या वाजवल्या, ते एक दिवस मनापासून बदलतील हा त्यांचा भरवसा होता. बोळक्यातून चहा प्यायलेल्या माणसाने तो ठेवावा, याचे नवल वाटते. मतदारांनी मात्र निकाल दिला. बाबासाहेबांना १३,२४५ मते आणि बाळूंना ११,२२५. दोन हजारांचे अंतर. इतकी मते ज्याला मिळाली, तो आपल्या लोकांच्या मनात कोण होता, हेही त्यातून दिसते.

आणि बाबासाहेबांच्या मनात? १९११ च्या दौऱ्यावरून बाळू परतले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तयार करणारा तरुण म्हणजे विद्यार्थी भीमराव आंबेडकर, असे रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात नोंदवले आहे. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. पूर्ण हंगामासाठी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही.