झाडू हाती घेणारे संत



चर्चच्या छपराचे किंवा रंगरंगोटीचे काम निघाले की कोणत्याही धर्मग्रामात दोन विचार ऐकू येतात. काहींना वाटते, देवाच्या घरासाठी हात आखडता घेऊ नये. काहींना वाटते, तोच पैसा गरजूंच्या घरी पोहोचावा. दोन्हीकडची माणसे श्रद्धावानच असतात. या प्रश्नाचे उत्तर आठशे वर्षांपूर्वी इटलीतील एका माणसाने आपल्या जगण्यातून दिले. ते म्हणजे असिसीचे संत फ्रान्सिस. पशुपक्ष्यांचे मित्र म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि ४ ऑक्टोबरला त्यांचा सण साजरा करतो. परंतु त्यांच्या नव्या जीवनाची सुरुवात एका पडक्या चर्चच्या दुरुस्तीने झाली, हे आपल्या फारसे ध्यानात नसते.

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ साली असिसी येथे झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे धनाढ्य व्यापारी. घरात पैसा होता, मित्रमंडळी होती, मेजवान्या होत्या. पराक्रम गाजवण्याची हौस होती म्हणून १२०२ साली ते शेजारच्या पेरुजा शहराविरुद्धच्या लढाईत उतरले. पराभव झाला आणि सुमारे वर्षभर कैदेत काढावे लागले. सुटकेनंतर दीर्घ आजार आला. त्या काळात पूर्वीच्या सुखांची गोडी उडाली आणि ते एकांतात प्रार्थना करू लागले.

असिसीच्या वेशीबाहेर, उताराखाली संत दामियानो यांच्या नावाचे एक लहान चर्च होते. दगडी भिंतींचे एकच दालन, वर कमानदार छत, टोकाला अर्धवर्तुळाकार वेदीस्थान, एवढाच त्याचा विस्तार. आत उजेड कमी. भिंती ढासळत होत्या. एक गरीब धर्मगुरू तेथे राहत असत. त्या चर्चमध्ये एकच मोठी संपत्ती होती, ती म्हणजे रंगवलेला लाकडी क्रूस. अक्रोडाच्या लाकडावर कापड ताणून त्यावर बाराव्या शतकातील कोणा चित्रकाराने प्रभूचे चित्र काढले होते. उंची जवळजवळ दोन मीटर. या क्रूसावरील येशूचे डोळे मिटलेले नाहीत. ते उघडे आहेत आणि समोर येणाऱ्याकडे पाहत आहेत.

१२०५ च्या सुमारास याच क्रूसापुढे गुडघे टेकले असताना, आपले मोडकळीस आलेले घर दुरुस्त करण्यास प्रभू आपल्याला सांगत आहे, असे फ्रान्सिस यांनी अंतःकरणात ऐकले. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. प्रथम क्रूसापुढील दिव्याच्या तेलासाठी धर्मगुरूंना पैसे दिले. मग फोलिन्यो गावी जाऊन दुकानातील कापड आणि स्वतःचा घोडाही विकला. वडिलांच्या भीतीने धर्मगुरूंनी ती रक्कम घेतली नाही, तेव्हा फ्रान्सिस यांनी ती खिडकीत टाकून दिली. वडील संतापले. प्रकरण बिशप ग्विदो यांच्यापुढे गेले. दुसऱ्याच्या पैशातून चर्च उभारता येत नाही, हे बिशपांनी समजावले. तेव्हा फ्रान्सिस यांनी पैशांबरोबर अंगावरचे कपडेही वडिलांपुढे ठेवले.

आता हाती काहीच नव्हते. ते असिसीच्या रस्त्यांवर दगडांची भीक मागू लागले. एक दगड देणाऱ्याला एक आशीर्वाद, दोन देणाऱ्याला दोन, असा त्यांचा हिशेब होता. रेशमी कपड्यांत वाढलेला तरुण खांद्यावर दगड वाहताना पाहून कोणी हसले, कोणी रडले. एकदा दिव्याचे तेल मागायला एका घरी गेले, तर आत जुने मित्र खेळात रंगलेले. लाजेने ते मागे फिरले. मग स्वतःच्या लाजेचीच त्यांना लाज वाटली. परत जाऊन त्यांनी सर्वांसमक्ष आपली दुर्बलता कबूल केली आणि तेल मागून आणले.

संत दामियानोनंतर त्यांनी आणखी दोन चर्च दुरुस्त केली. त्यांपैकी एक पोर्त्सिउंकुला, सुमारे सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद. ते बेनेदिक्तीन मठाच्या मालकीचे होते. फ्रान्सिस व त्यांचे बंधू दरवर्षी मठाला टोपलीभर मासे देऊन तेथे राहत. मालकी आपल्याकडे येऊ नये, याची ही काळजी होती.

असिसीच्या आसपासच्या खेड्यांत प्रवचनाला जाताना ते झाडू बरोबर नेत. अनेक गावांतील चर्च अस्वच्छ असत आणि पवित्र साक्रामेंताची हेळसांड होई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेला पवित्र साक्रामेंत कुलुपात ठेवण्याचा नियम करावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना येते. फ्रान्सिस स्वतः जमीन झाडत. प्रवचनानंतर तेथील धर्मगुरूंना बाजूला घेऊन, लोकांना ऐकू जाणार नाही असे पाहून, वेदी, प्याला आणि वेदीवरची वस्त्रे स्वच्छ ठेवण्याची विनंती करीत. आपल्या बंधूंनी पवित्र साक्रामेंतासाठी चांगल्या डब्या आणि मिस्साची भाकर भाजण्याचे उत्तम लोखंडी साचे गावोगावी पोहोचवावेत, अशीही त्यांची इच्छा होती.

एका खेड्यात ते असेच झाडत असताना जॉन नावाचा शेतकरी नांगर सोडून आला. त्याने झाडू त्यांच्या हातून घेतला आणि उरलेले चर्च झाडून काढले. मग त्याने बंधूंमध्ये सामील होण्याची इच्छा सांगितली. नियमाप्रमाणे आपला वाटा गरिबांना द्यायचा होता, म्हणून त्याने एक बैल सोडून आणला. घरची मंडळी रडू लागली. फ्रान्सिस यांनी बैल त्या कुटुंबालाच परत दिला.

चर्चच्या वस्तूंविषयीही त्यांची हीच दृष्टी होती. एकदा दोन बंधूंची आई मदत मागायला आली. देण्यासारखे काहीच नव्हते. बंधू ज्यातून प्रार्थनेच्या वेळी वाचन करीत, तो नवा करार फ्रान्सिस यांनी तिला विकायला दिला. वडीलधारे बंधू पीटर कतानी यांनी येणाऱ्यांची सोय कशी करावी असे विचारले, तेव्हा दुसरा मार्ग नसेल तर पवित्र मरियेच्या वेदीवरचे अलंकारही उतरवावेत, असे उत्तर मिळाले. पोर्त्सिउंकुला येथे नगरवासीयांनी बंधूंसाठी पक्के घर बांधलेले पाहून ते छपरावर चढले आणि कौले खाली टाकू लागले. ते घर नगराच्या मालकीचे आहे, हे कळल्यावरच थांबले.

तेलासाठी भीक मागणारे आणि वेदीचे अलंकार उतरवायला तयार असणारे फ्रान्सिस एकच आहेत. यात विसंगती नाही. दिवा, प्याला, वेदीवस्त्र ही साधने आहेत. त्यांचे मोल त्यांच्या साध्यावरून ठरते, आणि साध्य आहे प्रभू. जो प्रभू वेदीवर येतो, तोच दारात उभ्या असलेल्या आईच्या रूपानेही येतो. म्हणून वेदीवर धूळ चालणार नाही आणि दारातून कोणी रिकाम्या हाताने परत जाणेही चालणार नाही. फ्रान्सिस यांनी स्वतःच्या घरासाठी मात्र काहीच मागितले नाही.

१२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी एका गुहेत गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढेच सामान मागवले. त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाली आणि डीकन असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गायले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी, पोर्त्सिउंकुलाजवळ, उघड्या जमिनीवर त्यांनी देह ठेवला. १२२८ साली पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले आणि त्यांच्या नावाच्या भव्य बॅसिलिकेचा पाया घातला. १५६९ पासून पोर्त्सिउंकुलाभोवतीही मोठे चर्च उभे राहिले. त्याच्या आत ते चिमुकले चर्च आजही आहे. त्यांचे बंधू सोळाव्या शतकात वसईला आले. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चचे भग्न अवशेष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. भिंती पडल्या, पण त्यांनी पेरलेली श्रद्धा गावागावांत जिवंत राहिली.

आज मिस्सानंतर घरी जाताना वेदीवरची स्वच्छ वस्त्रे आणि तेवणारा दिवा क्षणभर पाहावा. ती कोणाच्या तरी हातांची सेवा आहे. शनिवारी दुपारी चर्च झाडण्यासाठी आणखी चार हात आले तर त्या सेवेला हातभार लागेल. आणि दाराजवळची गरिबांसाठी ठेवलेली दानपेटीही त्याच चर्चचा भाग आहे, हे विसरू नये.

आपला धर्मगुरू