बिनधुराची वीज

घाटकोपरकरांना ट्रॉम्बे तसे शेजारचेच. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, ती डॉ. होमी भाभांच्या ध्यासातून. १९०९ मध्ये मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला विश्वकिरणांत रमले होते. १९३९ च्या महायुद्धाने त्यांना मायदेशी रोखले. कोळसा पुरणार नाही, हे त्यांनी १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून जगापुढे मांडले. जळत्या कोळशातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. युरेनियमचे अणुकेंद्र फुटून उष्णता मिळते, तेव्हा काहीच जळत नाही. १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघाताने भाभांना नेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. आजही देशाच्या विजेत अणूचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. बहुतेक वीज कोळशाचीच. भाभांना चिंता कोळसा संपण्याची होती. आपल्यापुढे प्रश्न आहे तो संपण्याआधी थांबण्याचा.